कापलेला वरवंटा

सदाशिव पेठ, पुणे ३०
३ जानेवारी १९९५

आनंदीस,

हे पत्र आलं म्हणजे समेट झाला असं समजू नकोस. घरात एक गोष्ट घडली आहे आणि ती तुला कळवणं भाग आहे, म्हणून लिहिते.

तुझी भावजय मृदुला गेल्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी. आज दोघींना घरी आणलं. जावळ भरपूर आहे, आणि रडणं असं की खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब वर आले, "अभिनंदन" म्हणाले आणि त्याच दमात "दार लावून घेत जा" म्हणाले. म्हणजे सगळं यथास्थित आहे.

तुझा पोर्ट ब्लेअरचा पत्ता श्रीनिवासला आलेल्या कार्डावरून मिळाला. त्यावर माझं नाव नव्हतं, 'सर्वांना नमस्कार' होता. त्या सर्वांत मी येते का, असं श्रीनिवासला विचारलं, तर म्हणाला, "आई, ते तू आणि ताई बघा. मला बाळाचे लंगोट धुवायचेत."

आता मुद्दा. बारसं बाराव्या दिवशी आहे आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तू निघालीस त्या दिवशी मी म्हटलं होतं, की आत्या म्हणून पाळण्यापाशी उभं राहायचं नाहीस. ते मी मागे घेतलेलं नाही. कारण तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहिते, म्हणजे विसरायला सवड नको.

आज फडताळातून वरवंटा काढला. ज्याला झबलं-टोपडं घालून, गोप्या म्हणून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, आणि मगच बाळाला पाळण्यात ठेवतात, तो वरवंटा. तुझ्या बारशाला हाच होता, श्रीनिवासच्याही. त्याचं एक टोक तू तुझ्या प्रयोगशाळेतल्या करवतीनं कापून नेलंस, काकडीची चकती काढावी तसं. टोपडं आता कुठल्या टोकाला घालायचं ते तूच सांग.

आणि कापून काय शोधून काढलंस? नाचत घरी आलीस, "आई, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, हा दगड पुण्याचा नाहीच! हा मंचरकडच्या लाव्ह्याचा आहे, तुझ्या माहेरच्या डोंगराचा!" अगं शहाणे, मला विचारलं असतंस तर एक पैसा खर्च न करता सांगितलं असतं. माझ्या आईनं माझ्याबरोबर पाठवला तो. मी रागावले, तर तू काय म्हणालीस? "आई, दगडच तर आहे!" आयुष्यभर ज्या मुलीनं दगडाला दगड म्हटलं नाही, ती माझ्या दगडाला दगड म्हणाली.

असो. येणार की नाही, एवढंच उलट टपाली कळव. प्रकृतीची चौकशी मी करत नाही. तूही केलेली नाहीस.

सरोजिनी

ता. क. तिथलं पाणी उकळून प्यावं.


सदाशिव पेठ
१४ जानेवारी, संक्रांत

चि. आनंदीस,

सोबत तिळगुळाच्या वड्या पाठवते. हलवा केला नाही. हलव्याला काटा यायचा तर करणारीचं चित्त ठिकाणावर लागतं. 'गोड बोल' असं लिहिणार नाही. बोललीस तरी पुष्कळ झालं.

बारसं झालं नाही. बारावा दिवस आला आणि गेला, मी पुढे ढकललं. श्रीनिवास म्हणाला, "अगं, तूच तर ताईला नको म्हणालीस." मी म्हटलं, "मी म्हणाले. तुम्ही कुणी म्हणू नका." मग म्हणाला, "कुसुमताईला बोलावू या." आपली कुसुम, तुझ्या काकांची. चुलत का होईना, आत्या. बोलवायचा अवकाश, पैठणी नेसून हजर होईल आणि आठ दिवस हलणार नाही. मी म्हटलं, "सख्खी आत्या हयात असताना चुलत कशाला?" बोलून गेले आणि 'हयात' हा शब्द माझा मलाच टोचला. आत जाऊन घासलेली पातेली पुन्हा घासत बसले.

काल तुझं दुसरं कार्ड आलं. सरकारी जहाजावर जागा मिळत नाही, म्हणून 'एका खाजगी लाँचवाल्याला पटवलंय, बेटाभोवती फिरून चार-पाच दिवसांत परत येतो.' पटवलंय म्हणजे काय गं? ज्याला पटवावं लागतं तो आधी नको म्हणालेला असतो. जन्म समुद्रावर काढलेला माणूस नको म्हणतो तेव्हा ऐकावं. माझं पत्र तुला मिळालेलं दिसत नाही, कार्डात बाळाचा उल्लेख नाही. म्हणजे आत्या झाल्याचं तुला ठाऊकच नाही आणि तू आगीच्या बेटाकडे निघालीस.

पेपरात त्या बेटाचा फोटो आला आहे. धुराचा एवढा मोठा लोट, आणि खाली लिहिलंय की लाव्हा समुद्राला भिडला आहे. सबंध नोकरीत मी मुलींना हे बेट शिकवलं. गाळलेली जागा भरा: भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अमुक बेटावर आहे. एक मार्क. हजारो मुलींनी ती जागा पेन्सिलीनं भरली. माझ्याच पोरीला ती भरायला तिथे जाऊन उभं राहावं लागतंय.

हा नाद मात्र माझ्याकडून आलेला नाही, कात्रजच्या घाटाकडून आला. आपली एस.टी. पंक्चर झाली होती. सगळे वैतागलेले, आणि तू कड्यापाशी उभी. काळ्या दगडाचे थर आणि मधेच एक लाल पट्टा. "आई, हे लाल काय?" मी म्हटलं, माती. "दगडाच्या मधे माती कशी आली?" भूगोलाच्या बाईंना उत्तर येईना. पुढे एम.एस्सी.ला गेल्यावर तूच सांगितलंस, की एक लाव्हा निवला, त्यावर माती धरली, झाडं उगवली, सगळं शांत झालं, आणि मग पुन्हा आग आली. तेव्हापासून घाटातून जाताना मला तो लाल पट्टा दिसला की उगाच धास्ती वाटते. शांत आहे म्हणजे संपलं, असं नाही.

वर्गात तू एकटी मुलगी होतीस. मुलं हातोडा घेऊन सिंहगडाच्या उतारावर जायची, तू घरून चोरून खलबत्त्याचा बत्ता नेलास. तुला आठवतं का ते सांगलीचं स्थळ? त्यांनी विचारलं, मुलगी कशाचा अभ्यास करते? तुझे बाबा म्हणाले, ज्वालामुखीचा. "अहो, पण पुण्यात ज्वालामुखी कुठाय?" तू आतून ओरडलीस, "तुम्ही बसलाय त्याच्यावरच!" चहा न पिता गेले. बाबा रात्रभर हसत होते, मी रडत होते. आता मला हसू येतं.

पण तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. जन्मभर थंड चुलीतली राख उपसलीस, विस्तव एकदाही पाहिला नाहीस. एक्याण्णव साली हाच ज्वालामुखी जागा झाला तेव्हा तुझी बॅग भरलेली होती आणि बाबांना झटका आला. मीच म्हटलं, "यांना बरं वाटू दे, मग जा. ज्वालामुखी काय पळून जातोय?" तू राहिलीस. त्यांचं सगळं केलंस. दिवाळीच्या आधी ते गेले आणि त्याच सुमारास तिकडे तोही विझला. तू एका शब्दानं बोलली नाहीस. म्हणून या खेपेला 'जाऊ नको' असं मी म्हणाले नाही. वरवंट्यावरून भांडले.

पत्र पाठव.

आई

ता. क. वड्या कडक झाल्या आहेत. दाताला जपून.


सदाशिव पेठ
२३ जानेवारी

चि. आनंदीस,

चार-पाच दिवस म्हणजे अंदमानात किती होतात?

तुझी लाँच परवाच्या परवा यायला हवी होती. आप्पासाहेबांकडून फोन लावला. आप्पासाहेब फोनला हात लावू देत नाहीत, आपणच नंबर फिरवतात, आपणच रिसीव्हर धरतात आणि मी बोलायचं ते त्यांच्या हातातल्या रिसीव्हरमध्ये. फोन बिघडतो म्हणे. तुझ्या गेस्ट हाऊसचा माणूस म्हणाला, "मॅडम का सामान है, मॅडम नहीं है." मी विचारलं, "कब आयेगी?" तर म्हणाला, "सामान है ना, आयेगी." माझी पत्रंही तिथेच पडली आहेत, त्याच्या टेबलावर. त्याला सांगितलं, आली की आधी पत्रं हातात दे, मग चहा.

झोप लागत नाही. दुपारीसुद्धा नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते.

सरुबाई आली होती, धायरीहून भाजी आणते ती. आता धायरीत शेतं कमी आणि खडीच्या खाणी जास्त, असं तिचं रडगाणं चालूच असतं. टोपलीत भाजीखाली फडक्यात गुंडाळून नवा कोरा वरवंटा.

"आक्का, नातीचं बारसं अडलंय म्हनं? ह्यो घ्या. आमच्या खानीतल्या दगडाचा हाय. त्यो तुटका टाका आता."

"तुटलेला नाही, कापलाय."

"कुनी?"

"आमच्या आनंदीनं."

"अगं बया! वरवंटा कापून काय बघायचं हुतं तिला?"

"आत काय आहे ते."

"मंग काय घावलं?"

"माझं माहेर," मी म्हटलं.

मेथीच्या दोन जुड्या जास्त दिल्या तिनं, आणि वरवंटा तसाच परत नेला. सासूबाईंचं डोकं फिरलंय, असं तिनं जिन्यात मृदुलाला सांगितलं. मला ऐकू येतं अजून.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. काल मृदुला माझ्यावर ओरडली. मृदुला! जिचा आवाज या घरात लग्नाच्या वर्षापासून कुणी ऐकला नव्हता. शेजारचे कुणी बाळाला बघायला आले, नाव काय विचारलं, ही गप्प. ते गेल्यावर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आई, किती वर्षांनी झाली माझी मुलगी. मला आई नाही, तुम्हीच आई म्हणून सगळं केलंत. पण तुमच्या दोघींच्या भांडणात ती बिननावाची राहिलीय. तिचा काय गुन्हा?" मी म्हटलं, भांडण कुठे आहे? तर म्हणाली, "मग ताईंना काही झालंय असं तुम्हाला वाटतं का? कारण बारसं अडलंय ते या दोन्हींतल्या एका कारणानंच असणार."

तिचं काही चुकलं नाही. पण नंदे, दुसरीच्या तोंडून नाव ठेवलं की माझ्यापुरतं ते ठरल्यासारखं होईल गं. जोवर बाळ थांबलंय, तोवर तूही यायची आहेस. हे मी मृदुलाला सांगितलं नाही. तुलाच सांगते.

तिला शब्द दिला आहे: रथसप्तमी. तिळगूळ द्यायची मुदतही त्याच दिवशी संपते. सकाळी पाळणा बांधायचा. पाळण्यापाशी तू असशील, नाहीतर कुसुम असेल. मी आता आणखी पुढे ढकलणार नाही.

ये. नाहीतर आवाज तरी दे.

आई


सदाशिव पेठ
३० जानेवारी

नंदे,

श्रीनिवासनं आजचा पेपर गादीखाली लपवला. लहानपणी प्रगतिपुस्तक तिथेच लपवायचा. काढून वाचला. आतल्या पानावर चार ओळी आहेत. बेटाकडे गेलेल्या एका लाँचशी संपर्क नाही. शोध सुरू आहे. लाँचवर खलाशी आणि 'पुण्यातील एक प्राध्यापिका'. नाव नाही. नाव नाही म्हणून दुसरी कुणी असेल, असं श्रीनिवास म्हणतो. पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्या प्राध्यापिकेला हे सुचणार आहे?

कुसुम आली होती. मोसंबी घेऊन. मोसंबी आजाऱ्याच्या घरी आणतात. बसली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काकू, किती हुशार होती हो." मी म्हटलं, "आहे." ती म्हणाली, "तेच ते." मी म्हटलं, "तेच ते नाही, कुसुम. होती वेगळं आणि आहे वेगळं." मग जाताना दारात विचारते, बारशाला पैठणी नेसू का साधीच नेसू? चहा दिला नाही मी तिला. मोसंबीही परत दिली असती, पण मृदुलाला रस हवा होता.

मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. मला फार भीती वाटते, नंदे. बाळाला मांडीवर घेते आणि तिच्या टाळूकडे बघत बसते, कशी उडत असते बघ. इतकं मऊ माणूस मोठं होतं आणि खुशाल उकळत्या डोंगराकडे जातं. तुझीही अशीच उडायची.

आज दुपारी वरवंटा घेऊन बसले. कापलेली बाजू मी रागाच्या भरात कधी नीट पाहिलीच नव्हती. केवढी गुळगुळीत आहे गं. वरून काळा मिट्ट, आणि आत पांढऱ्या लांबट चकत्या, पावट्याच्या दाण्याएवढ्या, कशाही विखुरलेल्या. मंचरला आमच्या परसात धुण्याचा दगड होता, त्यातही अशाच होत्या. मी नखानं उकरायचे आणि आई ओरडायची. जन्मभर या वरवंट्यानं चटणी वाटली आणि आत हे आहे, मला माहीत नव्हतं. तू दाखवायला आली होतीस आणि मी बघितलं नाही.

निघालीस तेव्हा दही न घेता गेलीस. दार आपटल्याचं ऐकलं तेव्हा वाटी माझ्या हातातच होती. जिन्यापर्यंत आले होते मी. आप्पासाहेब खाली उभे होते म्हणून हाक मारली नाही. लोक काय म्हणतील!

आता कुणी काही म्हणो. तू कुठे आहेस?

तुझी आई


सदाशिव पेठ
रथसप्तमी, संध्याकाळ

माझ्या बाळा,

तू आता रागावलीस तरी चालेल, हसलीस तरी चालेल. सकाळी काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं ऐक.

पाळणा बांधला होता. झेंडूच्या माळा सोडल्या, घुगऱ्या भिजवल्या होत्या त्या उकडल्या. बायका जमल्या. कुसुम आली, पैठणीच नेसून आली. गोप्याला मी स्वतः झबलं घातलं. टोपडं न कापलेल्या टोकाला बांधलं आणि कापलेली बाजू पुढे घेतली, तोंड म्हणून. एवढ्या वर्षांत आमच्या गोप्याला पहिल्यांदा चेहरा आला. बायका कुजबुजल्या. मी कुणाकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडले असते. श्रीनिवास दाराशी उभा होता, बाबांसारखा हात मागे बांधून. पेपरात पुढे काही आलं नव्हतं. त्या खात्यात, या खात्यात, सगळीकडे तो जाऊन आला होता. कुणाला काही माहीत नव्हतं.

कुसुम पाळण्याकडे सरकली आणि जिन्यात आप्पासाहेबांचा आवाज. पायात चपला नाहीत, धोतराचा सोगा हातात. "सरोजिनीबाई! पोर्ट ब्लेअर! लवकर चला, बिल त्यांचं चढतंय!"

मी कशी खाली गेले मला आठवत नाही. आप्पासाहेबांनी रिसीव्हर माझ्या कानाशी धरला आणि तू "आई" म्हणालीस. मी पहिलं काय बोलले? "दही न घेता गेलीस." बस्स, एवढंच. तू सांगत होतीस, बेटाच्या किनाऱ्याला लागून परतताना इंजिन बंद पडलं, दुसऱ्या एका बेटाच्या आडोशाला अडकून होतो, पावसाचं पाणी प्यायलो, वरून राख पडत होती, एका जहाजानं ओढून आणलं. मला काही झालेलं नाही म्हणालीस. खोकत होतीस. तेवढं मला कळतं. डॉक्टरकडे जा, आणि माझ्यापासून लपवायचा प्रयत्न करू नकोस, तुझी लपवायची सगळी कला माझ्याकडूनच आली आहे.

मग म्हणालीस, "आई, पत्रं आत्ताच वाचली सगळी. चहासुद्धा न घेता बूथवर पळत आलेय. आज रथसप्तमी ना? बारसं झालं का?"

मी म्हटलं, "खोळंबलंय."

"मग बाळाला आण फोनपाशी."

पाळणा काही जिन्यातून येईना. मृदुलाच बाळाला घेऊन खाली आली, तिच्यामागे श्रीनिवास, त्याच्यामागे गोप्या काखेत घेऊन शेजारच्या बाई, आणि मग सगळ्याच. आप्पासाहेबांच्या त्या देवळासारख्या स्वच्छ दिवाणखान्यात एवढ्या बायका पहिल्यांदाच आल्या असतील. कुसुमसुद्धा आली. गोप्याला टेबलाच्या खालून-वरून फिरवलं. रिसीव्हर मृदुलाकडे द्या म्हटलं, तर आप्पासाहेब कसले देतात! स्वतः वाकले आणि बाळाच्या कानाशी धरला. तू हळू काहीतरी बोललीस. बाळ रडायचं थांबलं, डोळे मोठे केले. मग तुझा मोठा आवाज आला, सगळ्यांना ऐकू आला: "कुर्र!"

आणि इथे घोटाळा झाला. आत्यानं कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही बायकांच्या हाताची सवय. आत्या पोर्ट ब्लेअरला. वाकलेली पाठ एकच होती. सगळ्यांनी मिळून आप्पासाहेबांच्या पाठीत असे धपाटे घातले की ते फोनवरच कोसळले, खटका दाबला गेला आणि लाईन तुटली.

मृदुलानं विचारलं, "काय नाव ठेवलं?"

सगळ्या आप्पासाहेबांकडे बघायला लागल्या. ते चष्मा शोधत होते. म्हणाले, "मला काय विचारता? मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकत नाही."

हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. श्रीनिवास मला धरून उभा होता आणि तोही तेच करत होता. मग त्यानं दिवसभर फोन लावला, तुझ्याकडची सगळी लाईनच गेली आहे म्हणतात. लाईन गेली म्हणजे फक्त लाईनच गेली ना, असं मी आप्पासाहेबांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते चिडले नाहीत. "होय हो, लाईनच," म्हणाले. पाठीला शेक घेत होते.

तर परिस्थिती अशी आहे. तुझ्या भाचीला आता नाव आहे. ते तुला माहीत आहे आणि तिला माहीत आहे. घरात आणखी कुणालाही माहीत नाही. मी पाळण्यापाशी जाऊन विचारलं तर तिनं जांभई दिली. तुझ्यावर गेली आहे.

संध्याकाळी श्रीनिवास तार करून नाव विचारायला निघाला होता. मृदुलानंच त्याला थांबवलं. म्हणाली, "नको, ताईंनाच येऊन सांगू दे. आता आपली मुलगी बिननावाची नाही. मी थांबेन." त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं मला.

म्हणून नीट वाच. नाव तारेनं कळवायचं नाही. पत्रानं तर मुळीच नाही. फोनवर सांगायला लागलीस तर मी कान झाकून घेईन. मिळेल त्या विमानानं, मिळेल त्या बोटीनं निघ, आणि इथे येऊन, पाळण्यापाशी उभी राहून सांग. मी येऊ नकोस म्हणाले होते ते मागे घेतलं. हे पत्र सांभाळून ठेव, असं वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

वड्यांचा आणखी एक डबा तुझ्यासाठी बाजूला ठेवला आहे. मुदत संपली म्हणणाऱ्याला संपू दे. दही रोज विरजते. आल्यावर हवे तितके दिवस राहा, आणि तो डोंगर पुन्हा पेटला तर पुन्हा जा, मी अडवणार नाही. पण हातावर दही घेतल्याशिवाय या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी वाट पाहणारी,
आई

ता. क. फोनवर तू म्हणालीस, तिथला एक दगड आणतेस, तुझ्या डोळ्यांदेखत निवलेला, तुझ्या भाचीपेक्षाही लहान. मी तेव्हा 'इथे आहेत तेवढे दगड पुरे' असं काहीसं बोलले. आण. फडताळात वरवंट्याशेजारी जागा केली आहे. कापायचा असला तर मला विचारून काप.